एकरकमी पैसे देणाऱ्यालाच फोन महाग का पडावा?

औंधकर (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. दसऱ्याच्या दोन दिवस आधी आलेला एक अनुभव येथे सविस्तर लिहितो आहे. रक्कम फार मोठी नाही. परंतु ती ज्या रीतीने घेतली गेली, ती रीत मला अजून अस्वस्थ करते, आणि सध्या पुण्यात मागणी असलेला नवा फोन घेऊ पाहणाऱ्या अनेकांची तिच्याशी गाठ पडत असावी.

माझ्या मुलीने नोकरीच्या पहिल्या वर्षी दर महिन्याला पगारातून पैसे बाजूला काढून आयफोन १७ साठी रक्कम साठवली होती. कर्ज काढून हौस करायची नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता तिने आपणहून पाळला, याचे मला कौतुक वाटत होते. २५६ जीबीच्या या फोनची किंमत तेव्हा ८२,९०० रुपये होती आणि खोक्यावर कमाल किरकोळ किंमत म्हणून तीच छापलेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीच्या दरांत फेरबदल झाले, तेव्हाही फोनवरचा १८ टक्के कर होता तसाच राहिला, त्यामुळे किमतीविषयी गोंधळ होण्याचे काही कारण नव्हते.

दुकानात गेल्यावर आम्हाला पहिला प्रश्न विचारला गेला तो "फाइल करणार की फुल पेमेंट?" असा. फाइल म्हणजे कर्जाची फाइल, हे मला थोड्या वेळाने कळले. सगळे पैसे आत्ताच देणार असे आम्ही सांगताच विक्रेत्याचा सूर बदलला. हा फोन सध्या "ऑनमध्ये", म्हणजे वर जादा पैसे घेऊन, चालू आहे, फुल पेमेंटला माल कमी आहे आणि घ्यायचाच असेल तर कव्हर, काच व एक वर्षाचा संरक्षण प्लॅन मिळून ४,५०० रुपयांचा संच सोबत घ्यावा लागेल, असे त्याने सांगितले. आमच्या शेजारीच एक तरुण हप्त्यांवर तोच फोन, त्याच रंगात, ८२,९०० रुपयांना घेत होता आणि त्याला संचाविषयी कोणी विचारलेसुद्धा नाही. मुलीने विचारले, "मी सगळे पैसे आत्ता देते आहे, तर मलाच जास्त का?" त्यावर "फुल पेमेंटमध्ये आम्हाला काही सुटत नाही, मॅडम" असे उत्तर मिळाले.

तिला दसऱ्याला फोन हवा होता, म्हणून आम्ही तो घेतला. ८२,९०० रुपये यूपीआयने दिले आणि त्याचे पक्के बिल मिळाले. ४,५०० रुपये मात्र रोख मागितले गेले, आणि त्यासाठी वहीतला कागद फाडून त्यावर केवळ "ॲक्से. ४,५००" असे लिहून दिले. प्लॅनचा क्रमांक आजतागायत आलेला नाही. दुकानाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नंतर चौकशी केली तेव्हा शहरातल्या आणखी दोन दुकानांत जवळपास हीच भाषा ऐकायला मिळाली. हे कायद्यात बसते का, आणि दुकानदारांची खरी अडचण काय आहे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.


कसबेकर

औंधकर, तुमचा "ऑन" हा शब्द वाचला आणि थेट स्कूटरचे दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले. चेतक आकुर्डीला, म्हणजे आपल्या अंगणात बनत असे, तरीही पुणेकराला नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. उत्पादनाला परवान्याची मर्यादा होती आणि मागणी अफाट होती. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे आणि बाकीच्यांपैकी ज्याला घाई असेल, तो दुसऱ्याच्या नंबरावर आलेली गाडी वर पैसे देऊन घेई. त्या वरच्या पैशालाच ऑन म्हणत. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात आम्ही अशीच एका मध्यस्थाकडून गाडी घेतली, आणि वडिलांनी ती जादा रक्कम घरच्या हिशेबाच्या वहीत "इतर" या खात्यात लिहिली होती, हे मला पक्के आठवते.

एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. त्या काळी टंचाई सर्वांना सारखी होती आणि ऑन मागणारा बहुधा मधला माणूस असे. तुमच्या प्रसंगात फोन दुकानात होता, शेजारच्या ग्राहकाला छापील किमतीत मिळतही होता. म्हणजे येथे टंचाई मालाची नसून एका विशिष्ट प्रकारच्या ग्राहकापुरती ठरवून केलेली दिसते.


मुक्तछंद

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणाला दुखावण्यासाठी लिहीत नाही. फोन ही जीवनावश्यक वस्तू नाही. एखाद्या वस्तूला मागणी जास्त आणि पुरवठा कमी असेल, तर तिची किंमत वाढते. भाजी मंडईत हे रोज घडते आणि आपण ते निमूटपणे मान्य करतो. आठ-पंधरा दिवस थांबण्याची तयारी ठेवली असती, तर कदाचित हाच फोन कोणत्याही अटीशिवाय मिळाला असता. घाईची किंमत ग्राहकाने द्यावी, यात अन्याय कोठे आहे?


तळटीप

मी ग्राहक आयोगासमोरील प्रकरणांचे काम काही वर्षे केले आहे, म्हणून क्रमाने लिहितो. मुक्तछंद यांनी मंडईचे उदाहरण दिले आहे, परंतु सुट्या भाजीला आणि आवेष्टित मालाला कायदा वेगळा आहे. सीलबंद खोक्यात विकल्या जाणाऱ्या वस्तूला वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ (म्हणजे वजन-मापांचा कायदा) आणि त्याखालील आवेष्टित वस्तूंचे नियम, २०११ लागू होतात. त्यातील नियम १८ च्या उपनियम (२) प्रमाणे किरकोळ विक्रेत्याला छापील किरकोळ किमतीपेक्षा जास्त दराने वस्तू विकता येत नाही. मागणी कितीही असो, सण असो वा नसो, नियमात त्यासाठी सूट ठेवलेली नाही. ज्या देशांत कंपनी केवळ सुचवलेली किंमत जाहीर करते, तेथे मुक्तछंद यांचा युक्तिवाद कदाचित चालेल. आपल्याकडे छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे.

म्हणूनच हुशार विक्रेता फोनच्या किमतीला हात लावत नाही. बिलावर ८२,९०० रुपयेच दाखवतो आणि जादा रक्कम दुसऱ्या वस्तूच्या नावाखाली घेतो. येथे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ पुढे येतो. त्याच्या कलम २(४१) मधील निर्बंधक व्यापारी प्रथेच्या व्याख्येत, एक वस्तू विकण्यासाठी दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची पूर्वअट घालणे स्पष्टपणे समाविष्ट आहे. विक्रेता कव्हर सुचवू शकतो, त्याची भलामण करू शकतो. पण "कव्हर नाही तर फोन नाही" असे म्हणू शकत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम २(४७) प्रमाणे विकलेल्या वस्तूचे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. वहीच्या फाटक्या कागदावर "ॲक्से." लिहून देणे म्हणजे बिल देणे, असे कोणताही आयोग मानेल, असे मला वाटत नाही.

औंधकर, तो कागद जपून ठेवा. यूपीआयच्या व्यवहाराची नोंद, पक्के बिल आणि तो कागद, तिन्हींवरची तारीख एकच असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे.


कसबेकर

तळटीप, एक शंका. हॉटेलात पाण्याची बाटली छापील किमतीहून जास्त दराने देतात आणि न्यायालयाने ते मान्य केले आहे, असे ऐकतो. मग दुकानदार त्याचा आधार घेणार नाही का?


तळटीप

तो निकाल सर्वोच्च न्यायालयाचा असून १२ डिसेंबर २०१७ रोजीचा आहे. हॉटेलात ग्राहक बसतो, तेथील वातावरणाचा लाभ घेतो, वाढपी त्याला सेवा देतो. म्हणून तेथे बाटली देणे ही निव्वळ वस्तूची विक्री ठरत नाही, असा त्यामागचा विचार आहे. काउंटरवरून सीलबंद खोके देणाऱ्या फोनच्या दुकानाला तो लागू करता येणार नाही.


मोबाईलवाला

मी गेली १४ वर्षे शहराच्या दक्षिण भागात मोबाईलचे छोटे दुकान चालवतो. औंधकरांच्या बाबतीत जे झाले ते चूक आहे, हे आधीच सांगतो. विशेषतः बिलाशिवाय रोख पैसे घेणे मला मान्य नाही. परंतु "फुल पेमेंटमध्ये काही सुटत नाही" हे वाक्य सर्वस्वी खोटे नाही, आणि ते का बोलले जाते हे ग्राहकांना कळले, तर त्यांना योग्य ठिकाणी बोट ठेवता येईल.

महागड्या फोनच्या विक्रीत दुकानदाराच्या हाती किमतीच्या मानाने अगदी थोडे टक्के उरतात. त्यातून जागेचे भाडे, कामावरच्या मुलांचे पगार, वीज हे सगळे भागवायचे असते. ग्राहकाने क्रेडिट कार्ड वापरले, तर साधारण दोन टक्के बँकेकडे जातात; ८२,९०० रुपयांवर हे सुमारे १,६५८ रुपये होतात. यूपीआयने खात्यातून दिल्यास मात्र आम्हाला शुल्क पडत नाही, आणि म्हणून औंधकरांच्या व्यवहारात ही सबबही उरत नव्हती. हप्त्यांवर विक्री झाली, तर कर्ज देणारी वित्त कंपनी दुकानदाराला प्रत्येक फाइलमागे काही रक्कम देते. दुकानात तिचा माणूस बसलेला असतो, त्याला महिन्याचे लक्ष्य असते आणि लक्ष्य पूर्ण झाले की दुकानालाही अधिक मिळते. याशिवाय संरक्षण प्लॅन, कव्हर, काच यांवर सुटणाऱ्या नफ्याचे प्रमाण फोनपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे. थोडक्यात, ८२,९०० रुपयांचा फोन विकून जेवढे मिळते, त्याच्याशी स्पर्धा करील इतके एका प्लॅनमधून आणि काचेतून मिळू शकते. एकरकमी पैसे देणारा आणि काहीच सोबत न घेणारा ग्राहक म्हणून आमच्याकडे सर्वांत कमी लाभाचा ग्राहक ठरतो.

दुसरे कारण वितरकाकडून येते. ज्या फोनला मागणी असते, त्याचे दहा नग हवे असतील, तर सोबत न खपणाऱ्या मॉडेलचे काही नग उचलावे लागतात. आमच्या धंद्यात याला टॅगिंग म्हणतात. ते नग महिनोन्महिने शोकेसमध्ये पडून राहतात आणि नवे मॉडेल आले की त्यांची किंमत उतरते. हा तोटा भरून काढायचा तर तो मागणी असलेल्या फोनमधूनच, असा विचार अनेक दुकानदार करतात. मीही काही वर्षांपूर्वी केला होता. एका गृहस्थांना मी काचेची सक्ती केली आणि ते माझ्याकडे पुन्हा कधीच आले नाहीत. त्यांच्या घरातले पाच फोन माझ्याकडून गेले होते. तेव्हापासून मी अट घालत नाही, फक्त विचारतो.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते, कारण तिच्यामुळे बहुतेक ग्राहक फसतात. आयफोनच्या खोक्यावर छापलेली किंमत आणि बाजारातली किंमत सहसा एकच असते. पुष्कळ अँड्रॉइड फोनांत तसे नसते. खोक्यावर समजा २४,९९९ छापलेले असते आणि कंपनीने ठरवलेला चालू बाजारभाव, ज्याला आम्ही एमओपी म्हणतो, तो १९,९९९ असतो. जाहिरात १९,९९९ ची असते. अशा फोनला मागणी वाढली की दुकानदार २१,५०० मागतो, आणि तो छापील किमतीच्या आतच असल्यामुळे तळटीप यांनी सांगितलेला नियम १८ तेथे मोडत नाही. ऑनचा मोठा भाग याच फटीतून जातो.


निरेकाठी

मोबाईलवाल्यांनी लिहिलेले टॅगिंग वाचून मला आमच्या गावाकडचे लिंकिंग आठवले. खरिपाच्या तोंडावर युरियाला मागणी वाढते आणि कृषी सेवा केंद्रात युरियाच्या गोणीसोबत एखादे विद्राव्य खत किंवा सूक्ष्म अन्नद्रव्याचा डबा घ्यावाच लागतो. शेतकऱ्याने तक्रार केली की दुकानदार वरच्या कंपनीकडे बोट दाखवतो, आणि त्याचे म्हणणे बरेचदा खरेही असते. पावसाने ओढ दिली तरी पीक थांबत नाही, म्हणून शेतकरी पैसे देऊन मोकळा होतो. शहरात फोनच्या काउंटरवर हीच रीत चालते, हे मला ठाऊक नव्हते. लिंकिंगविरुद्ध कृषी विभागाकडे अर्ज द्यायची निदान एक ठरलेली वाट असते. फोनच्या बाबतीत अर्ज कोठे द्यायचा, ते कोणीतरी कृपया लिहावे.


दूरदेशी

मी मूळचा सदाशिव पेठेतला, सध्या कॅलिफोर्नियात असतो. हा विषय तिकडे वेगळ्या रूपात होऊन गेला आहे, आणि त्याचा शेवट औंधकरांच्या प्रश्नाला उपयोगी पडेल, असे वाटते.

अमेरिकेत अनेक वर्षे फोन हा दूरसंचार कंपनीच्या दोन वर्षांच्या करारासोबत विकला जाई. २००८ मध्ये आयफोन ३जी तेथे दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरना मिळे. उरलेली किंमत दर महिन्याच्या बिलातून हळूहळू वसूल होई आणि करार मध्येच मोडला, तर दंड भरावा लागे. पुढच्या वर्षी करार नको असलेल्यांसाठी तोच ८ जीबीचा फोन ५९९ डॉलरना विक्रीस ठेवण्यात आला. त्याच फोनची भारतातली कथा अगदी उलटी होती. ऑगस्ट २००८ मध्ये तो येथे आला तो ३१,००० रुपयांना, आणि त्यावर दूरसंचार कंपनीची सूट नव्हती. त्यामुळे आपल्याकडे "फोनची किंमत" म्हणजे पूर्ण किंमत, हे लोकांना पहिल्यापासून माहीत होते. अमेरिकेतल्या ग्राहकाला ती बराच काळ दिसतच नव्हती. २०१३ मध्ये टी-मोबाईलने असे करार बंद केले, २०१५ मध्ये व्हेरायझनने आणि २०१६ च्या आरंभी एटी अँड टीने. त्यांची जागा मासिक हप्त्यांनी घेतली.

खरी गंमत नव्हे, खरा वाद २०१७ मध्ये झाला. आयफोन एक्सची किंमत ९९९ डॉलर होती. बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीने हप्त्यांवर घेणाऱ्यांना तो त्याच किमतीत दिला, परंतु जो पूर्ण पैसे एकदम भरून फोन घेईल त्याच्याकडून १,०९९ डॉलर, म्हणजे १०० डॉलर जादा मागितले. ग्राहकांना लवचीक पर्याय हवे असतात आणि त्या पर्यायाला काही वेळा किंमत असते, अशा आशयाचे स्पष्टीकरण कंपनीने दिले. लोक संतापले. त्यानंतर कंपनीने जादा शंभर डॉलर घेणे बंद केले, पण त्यासोबत एकरकमी विक्रीच बंद केली. म्हणजे ज्याला कर्ज नको होते, त्याला त्या दुकानात फोनच मिळेनासा झाला.

माझ्या मते औंधकरांच्या प्रसंगाचे कारणही तेच आहे. दुकानाला हवा असतो तो पुढे महिनोन्महिने बांधला जाणारा ग्राहक. तिकडे त्याला दूरसंचार कंपनीशी बांधत, इकडे वित्त कंपनीशी. एक फरक मात्र बेस्ट बायच्या बाजूने लिहिला पाहिजे: त्यांनी जादा रक्कम किमतीच्या पाटीवर उघड लिहिली होती, म्हणून लोकांना ती दिसली आणि बोलता आले.


औंधकर (धागाकर्ते)

सर्वांचे मनापासून आभार. दूरदेशींचे शेवटचे वाक्य मला फार पटले. माझ्या मुलीला जादा पैसे देण्यापेक्षाही ते कोठेच न दिसण्याचा त्रास जास्त झाला. कर समाविष्ट धरून हिशेब केला तर ४,५०० रुपयांत सुमारे ६८६ रुपये जीएसटीचे असायला हवेत. बिलच नाही, त्यामुळे ते सरकारकडे गेले असतील, असे मानायला आधार नाही.

माझ्या एका सहकाऱ्याने असा सल्ला दिला की, पुढच्या वेळी सरळ फाइल करावी, फोन छापील किमतीत घ्यावा आणि महिन्याभरात कर्ज फेडून टाकावे. हे शहाणपणाचे आहे का?


व्याजदर

मी बँकेत किरकोळ कर्जविभागात काम केले आहे. तो सल्ला सरसकट घेऊ नये. एक तर प्रक्रिया शुल्क परत मिळत नाही आणि मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास अनेक ठिकाणी आकार लागतो. शिवाय कर्जाची नोंद तुमच्या पतइतिहासात जाते. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक किरकोळ कर्जासाठी मुख्य तथ्य पत्रक देणे बंधनकारक आहे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहावा लागतो. काउंटरवर टॅबवर बोटाने सही करण्यापूर्वी तो कागद मागावा. बहुतेक ग्राहक मागत नाहीत.

"बिनव्याजी हप्ते" हे नेमके काय असते, तेही येथे सांगतो, कारण एकरकमी ग्राहकाचे नुकसान तेथेच दडलेले आहे. समजा फोन ६०,००० रुपयांचा आहे आणि तो १०,००० च्या सहा हप्त्यांत "बिनव्याजी" मिळतो. वित्त कंपनीचा दर वार्षिक १५ टक्के असेल, तर या सहा हप्त्यांचे आजचे मोल सुमारे ५७,४६० रुपये होते. वित्त कंपनी तेवढेच कर्ज देते आणि उरलेले २,५४० रुपये फोनची कंपनी किंवा विक्रेता सवलत म्हणून सोसतो. व्याज आहेच; ते फक्त ग्राहकाऐवजी दुसऱ्याने आधीच भरले आहे. क्रेडिट कार्डावर असे हप्ते केले, तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे येथे सुमारे ४५७ रुपये, ग्राहकाला द्यावाच लागतो. शून्य टक्के व्याज हे नाव ग्राहकाची दिशाभूल करते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

आता पाहा, हप्तेवाल्यासाठी २,५४० रुपयांची सवलत कोणीतरी सोसली. एकरकमी देणाऱ्याला ती मिळत नाही, म्हणजे छापील किंमत भरूनही तो तुलनेने जास्तच देतो. त्यावर आणखी ४,५०० रुपयांची सक्ती झाली. मोबाईलवाल्यांची अडचण मी समजू शकतो, परंतु वित्त कंपनीकडून न मिळालेली रक्कम ग्राहकाच्या खिशातून काढणे हा तिच्यावरचा उपाय नाही. औंधकरांनी उलट "हप्त्यांवर जी सवलत आहे, ती मला एकरकमी किमतीत द्या" असे मागायला हवे होते. दर वेळी मिळेल असे नाही. पण काही दुकाने थोडीफार देतात, हा माझा अनुभव आहे.


मोबाईलवाला

व्याजदर, तुमचा हिशेब बरोबर आहे. सवलत फोनची कंपनी सोसत असेल, तर ती रोख ग्राहकाला वळवणे आमच्या हातात नसते. आम्हाला ती फाइलच्या क्रमांकावरच मिळते. पण जेथे आम्ही स्वतः सोसतो, तेथे देता येते आणि मी देतो. हे ग्राहकाने विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, हेही खरे.


मुक्तछंद

माझे मत मी काही अंशी बदलतो. घाईची किंमत असावी, हे मला अजूनही मान्य आहे. परंतु शेजारच्या माणसाला तीच वस्तू त्याच क्षणी कमी दराने मिळत असेल आणि मला जादा रक्कम बिलाबाहेर द्यावी लागत असेल, तर त्याला मागणी-पुरवठा म्हणता येणार नाही. कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला ॲपलचे स्वतःचे दुकान उघडले आहे. तेथे कर्ज न घेता छापील किमतीत फोन घेता येतो. आवडीच्या रंगासाठी थोडे थांबावे लागले तर थांबावे. अर्थात हा उपाय आयफोनपुरताच आहे.


तळटीप

निरेकाठींनी वाट विचारली आहे. पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची, क्रमांक १९१५. तेथे मराठीत बोलता येते, तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती विक्रेत्याकडे पाठवली जाते. पुष्कळ तक्रारी येथेच मिटतात. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असेल, तर राज्याच्या वैधमापनशास्त्र यंत्रणेच्या निरीक्षकाकडे अर्ज द्यावा, कारण दुकानात जाऊन तपासणी करण्याचा अधिकार त्याला आहे. यातून काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते आणि २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथेही ती करता येते. फोन शिक्रापूरला राहणाऱ्याने मुंबईत घेतला असेल, तरी पुण्याच्या आयोगाकडे जाता येईल.


कसबेकर

यानिमित्ताने आठवण द्यावीशी वाटते की, ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये याच शहरात सुरू केली, आणि देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला तो १९८६ मध्ये. त्या काळच्या बैठकांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाई, ती म्हणजे पावती मागणे. आम्ही तेव्हा रॉकेल आणि डालड्याच्या पावत्या मागत होतो. ८२,९०० रुपयांचा फोन घेणारी सुशिक्षित माणसेही आज काउंटरवर संकोचतात, याचे मला वाईट वाटते. औंधकर, तुमच्या मुलीने तो प्रश्न मोठ्याने विचारला, हे फार चांगले केले.


औंधकर (धागाकर्ते)

पुढे काय झाले ते कळवतो. तळटीप यांच्या सल्ल्याप्रमाणे आम्ही १९१५ वर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक घेऊन शनिवारी दुपारी दुकानात गेलो. मालक स्वतः होते. त्यांनी आवाज चढवला नाही, आम्हीही नाही. बिल आणि तो वहीचा कागद समोर ठेवून मुलीने दोनच गोष्टी मागितल्या. प्लॅनचा क्रमांक तरी द्या, नाही तर त्याचे पैसे परत करा; आणि ज्या वस्तू दिल्या आहेत, त्यांचे बिल द्या. बरीच चर्चा झाल्यावर प्लॅनचे २,४०० रुपये तिच्या खात्यावर यूपीआयने परत आले. कव्हर आणि काच वापरात होती, ती परत करणे तिला योग्य वाटले नाही, म्हणून त्यांचे २,१०० रुपयांचे जीएसटीसह पक्के बिल घेतले. त्या दोन वस्तू दुसरीकडे निम्म्या किमतीत मिळाल्या असत्या, हे आम्हाला माहीत आहे.

मालकांनी तक्रार मागे घेण्याची विनंती केली. मी विचार करतो म्हणालो. बिल तयार होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो, तेवढ्यात एक मध्यमवयीन बाई आपल्या मुलासोबत आल्या आणि काउंटरवरच्या त्याच मुलाने त्यांना "फाइल की फुल पेमेंट?" असे विचारले. त्या "फुल पेमेंट" म्हणाल्या, आणि त्याने संचाची किंमत सांगायला सुरुवात केली. मुलीने माझ्याकडे पाहिले. ती उठून त्यांच्याकडे गेली आणि आपले नवे बिल त्यांना दाखवले.

तक्रार आम्ही मागे घेतलेली नाही. सक्तीच्या विक्रीबाबत वैधमापनशास्त्र यंत्रणेच्या कार्यालयाकडेही सोमवारी अर्ज दिला आहे. किंमत छापील दराच्या आत दाखवलेली असल्यामुळे ते काय करू शकतील, हे पाहायचे. निरेकाठी, अर्जाचा मराठी मसुदा हवा असेल, तर निरोप पाठवा, मी तो तुम्हाला पाठवतो; खताच्या लिंकिंगसाठी त्यातली दोन-चार वाक्येच बदलावी लागतील.